नुसतं नाव सांगा

"काकू, नुसतं तुमचं नाव सांगा," मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर शर्मिष्ठा म्हणाल्या. "एवढंच."

पद्मिनीबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. मांडीवर त्यांची अडीच वर्षांची नात पायल पदराशी चाळा करत होती. शेजारी त्यांचा मुलगा निरंजन गाडीची चावी बोटात फिरवत बसला होता.

"पाहा मॅडम, अशीच. दर सोमवारी सकाळपासून दिवे लागेपर्यंत मुकी. दूधवाला भैया हाका मारमारून परत जाते. आमच्या खानदानात कोणीच असं नाही करत. हे काय नॉर्मल आहे?"

"कोणी करत नाही म्हणून ते विकृत, असं नसतं भैया. मग पहाटे उठून धावणारेही आमच्याकडे आणावे लागतील. आम्ही बघतो, त्या वागण्याचा माणसाला स्वतःला त्रास होतो का, दुसऱ्याला होतो का, रोजची कामं अडतात का."

"दुसऱ्याला होते ना! ही पोट्टी अजून मम्मी नाही म्हणत. हिचे डॉक्टर म्हणे कान चांगले आहेत, हिच्याशी बोला, खूप बोला. आम्ही दोघं ऑफिसात. अन् जिच्यापाशी ठेवतो, ते तोंडाले कुलूप लावून बसते. हिची मम्मी सोनिया तर म्हणून राहिली, उद्यापासून पोरीले पाळणाघरातच टाकू."

पायलच्या पाठीवरचा पद्मिनीबाईंचा हात जागीच थांबला.

शिवरात्रीला हातावर पाणी घेऊन त्यांनी महादेवासमोर सोडलं होतं. सोमवारची माझी वाणी तुझी, हिची हिला दे. मागणं कुणापाशी बोलायचं नाही, बोललं की फळ जातं. आणि मध्येच मोडलं तर ज्याच्यासाठी धरलं त्याच्यावर उलटतं. लहानपणापासून त्या हेच ऐकत आल्या होत्या. सून-मुलाला म्हणून तर कधी सांगितलं नव्हतं.

"मौन माझी आजीसुद्धा पाळायची," डॉक्टर खुर्ची जवळ ओढत म्हणाल्या. "मला एकच बघायचंय, काकू. मनात आणलं तर तुम्हाला हे थांबवता येतं का? थांबवता येत असेल तर ते व्रत. येतच नसेल, तर उपचारांचं बघावं लागेल. एक शब्द बोला. मी आत्ता सांगते यांना, की आई ठीक आहे, मुलगी तिच्यापाशीच राहू द्या."

पद्मिनीबाईंनी घाईघाईनं हातानं खूण केली. उद्या. उद्या सकाळीच येते.

"उद्या काहून?" निरंजन हसला. "उद्या तर तू बोलतेच!"

"उद्या बोललात तर मला काय कळणार, काकू?" डॉक्टरांचा आवाज अगदी मऊ होता.

"बोल ना आई. नाव तर सांगायचं आहे. काही पाप थोडीच लागून राहिलं?"

पद्मिनीबाईंनी हात जोडले. आधी मुलाला, मग डॉक्टरांना. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

निरंजनचा फोन वाजला. "हां सोनिया. नाही, बोलूनच नाही राहिली... हां, पाळणाघरवाली से बात कर ले. कल से ही." फोन खिशात टाकून तो उठला, पायलची पिशवी खांद्याला अडकवली आणि दोन्ही हात पुढे केले. "चल बेटा, पापाकडे ये."

पायलनं आजीच्या गळ्याला मिठी मारली. तिनं तोंड उघडलं, काहीतरी म्हणायला म्हणून उघडलं, आणि नुसता गरम श्वास पद्मिनीबाईंच्या मानेवर आला.

"पद्मिनी," त्या म्हणाल्या. आवाज खरखरला. "पद्मिनी बाबाराव ढोबळे."

निरंजननं हुश्श केलं. डॉक्टर हसल्या, पेनाला टोपण लावलं. "झालं. काही नाही यांना. मोकळं वाटलं ना, काकू?"

पद्मिनीबाईंनी मान हलवली.

गाडी तेलीबांध्याच्या तलावाशी आली तेव्हा त्या मागच्या सीटवर पायलची हनुवटी धरून बसल्या होत्या. "हे पाणी, बाळा. पाणी. ते बदक. तो फुगेवाला, लाल फुगा, पिवळा फुगा. ते झाड. ती सायकल. पाणी, पाणी, म्हण ना, माझी माय, पाणी..." श्वास पुरत नव्हता, तरी थांबत नव्हत्या. घराला आग लागल्यावर हाताला येईल ते बाहेर फेकावं, तसा एकेक शब्द त्या लेकराच्या तोंडाशी टाकत होत्या. पायल टक लावून त्यांच्या ओठांकडे बघत होती.

सिग्नलला निरंजननं सोनियाला फोन लावला आणि हात लांब करून तो मागे धरला.

"ऐकून राहिली ना?" तो म्हणाला. "एकदम नॉर्मल."