काठी कुणाची?

या जुन्या बंगल्याच्या संग्रहालयात संध्याकाळची फेरी वर्षानुवर्षं बाबांनीच घेतली. कुणी चुकीची माहिती दिली की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पक्षाघातानंतर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आज त्यांच्या जागी माझी पहिली फेरी होती, म्हणून आईनं त्यांची व्हीलचेअर पाहुण्यांच्या मागे आणून लावली. दिवाणखान्यात इतके चेहरे बघून मी गडबडले. चांदीच्या मुठीची काठी दाखवत म्हणाले, “ही मालकांची.” मागून घोगरा आवाज आला, “मालकिणीची!” सगळे वळले. बाबा रागानं लालबुंद झाले होते. “अगं, बोलले हे!” आई ओरडलीच. “नक्की, बाबा?” मी विचारलं. “गाढवे, मालकिणीची!” काठी जागेवर ठेवली. मी पाहुण्यांना जेवणघरात नेलं. तिथलं घड्याळ कुणाचं, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. बाबांकडे बघत मी मुद्दाम चुकले.