भिंगरीचा करार

साहेबाची एक सवय आजीला मुळीच पटली नव्हती. माणूस दिसेल त्या गोष्टीचं कौतुक करायचा. घरी आला तर उसवलेल्या सोफ्याला म्हणाला, छान! खिडकीत वाळत घातलेल्या मोज्यांना म्हणाला, छान! एवढं गोड बोलणाऱ्याच्या पोटात एक तर जंत असतात, नाही तर काम असतं.

काम होतंच. शहरातल्या सगळ्यात श्रीमंत फुटबॉल क्लबसाठी खेळाडू हेरून आणणं हा साहेबाचा धंदा. आता त्याला आजीची सोळा वर्षांची नात हवी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत. चेंडू पायात आला की ती गर्रकन कुठे वळेल, ते तिचं तिलाही ठाऊक नसे.

भिंगरी लहानशा क्लबातून खेळायची. त्या क्लबचे कपडे आजी वीस वर्षं धूत होती. यंदा त्यांनी श्रीमंतांना दोनदा हरवलं. पाचही गोल भिंगरीचे.

आज करारावर सही व्हायची होती. पाच वर्षं भिंगरी दुसऱ्या कुणाकडून खेळू शकणार नव्हती. आईबाप लांब कामाला, म्हणून सही आजीची.

साहेबाच्या क्लबचं मैदान पाहिलं आणि आजीची बोलती बंद झाली. हे तिच्या नवऱ्यालाही कधी जमलं नव्हतं. काय ते गवत! जणू रोज कुणीतरी कंगव्याने विंचरतंय.

"आजी, ये ना आत," भिंगरीने हाक मारली.

"थांब गं. चपला काढू दे."

आत भिंतभर फोटो. साहेब एकेक दाखवत होता. "गेल्या वर्षी इतर क्लबांतून पाच जणी आणल्या. ही उंच मुलगी ओळखलीत?"

"उंटीण! न ओळखायला काय झालं? आमच्या पोरीला दोनदा आडवं केलं होतं हिने."

"आणि ही डावखुरी."

"अगं बाई! हिला बघितलं की आमच्या गोलकीपरचे हातपाय गळायचे."

"आजी, मी यांच्याबरोबर खेळणार!" भिंगरी ओरडलीच. आजीने तिचा हात घट्ट धरला. आपल्या घरातल्या पोरीचा फोटो या भिंतीवर लागणार!

"साहेब, कपडे धुता ती खोली तेवढी दाखवा."

साहेब हसला. "छान! चला."

कपाटाएवढी आठ यंत्रं ओळीने उभी होती. आजी तोंडाला पदर लावून नुसती बघत राहिली. प्रत्येक खेळाडूची जाळीची पिशवी, त्यावर नाव. धुणारी बाई कालच्या सामन्याचे कपडे यंत्रात टाकायच्या तयारीत होती. आजीला कुठला धीर? तिने उंटिणीची पिशवी उघडली. जर्सी उलटी केली, काख पाहिली, नाकाला लावली. मग डावखुरीची.

"या अजून धुवायच्यात?"

"हो ना. पण या पाच जणींचा मला त्रास नाही बघा. वर्ष झालं, चिखलाचा ठिपका नाही."

"धन्य आहे बाई!" आजी म्हणाली. "किती निगुतीने राहतात पोरी."

वर काचेच्या खोलीत कागद मांडलेले होते. साहेबाने पेन उघडून आजीच्या हातात दिलं.

"असा खेळ मी दहा वर्षांत पाहिला नाही, आजी. तुमची नात म्हणजे हिरा आहे, हिरा."

"आजी, कर ना सही," भिंगरी कानाशी कुजबुजली.

आजीने पेनाला टोपण लावलं आणि कागद साहेबापुढे सरकवले.

"साहेब, त्या पाच पोरी तुम्ही खेळवायला आणल्याच नाहीत, तुमच्याविरुद्ध खेळू नयेत म्हणून आणल्यात, तेव्हा माझी सहावी तुम्हाला समोरूनच भेटेल."