चौथी हाक

'रिव्हर्स प्रॉक्सी' नावाचा, स्वतः लिहिलेला अवघ्या तीनशे ओळींचा संगणक प्रोग्रॅम तो पत्नीला मोठ्या कौतुकाने समजावून सांगत होता. "हा दारावर उभा राहतो आणि आलेलं काम मागच्या सर्व्हरांपैकी एखाद्याकडे, म्हणजे ते काम करणाऱ्या संगणकाकडे, पोचवतो. तीनदा हाक मारूनही एखाद्या सर्व्हरने ओ दिली नाही, की त्याचं नाव यादीतून कटाप!"

"आपल्या लेकासारखंच की," कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली. "मग त्याला पुन्हा कधीच विचारत नाही?"

"छे गं! दर दहा सेकंदांनी विचारत राहतो. कधी उठेल, नेम नसतो."

"यंत्रावर बरी एवढी माया."

भांडून घर सोडलेल्या मुलाला त्याने तीनच फोन केले होते. त्यास दोन वर्षे लोटली. गॅलरीत जाऊन त्याने चौथा फोन लावला आणि 'हॅलो' ऐकताच म्हणाला, "बाळा, बाबा बोलतोय."

पलीकडून कुणी अनोळखी तरुण म्हणाला, "काका, हा नंबर वर्षभरापासून माझा आहे. रोज फोन करणाऱ्या त्या काकूंनाही मी हेच सांगतो."