भेगेवरची काच

भिंतींना कान असतात म्हणे. आमच्या भिंतींना मान आहे. नवरा जुन्या इमारती जतन करणारा आर्किटेक्ट. शंभरी उलटलेलं घर त्याने हौसेने घेतलं, तेव्हापासून मी साधा खिळा ठोकलेला नाही, की मूळचा रंग निघेल म्हणून खिडकी उघडलेली नाही. निजायच्या खोलीतल्या भेगेवर त्याने काचेची पट्टी चिकटवलीय. “भिंत हलली तर काच तडकेल; तडकली की त्याच दिवशी घर सोडायचं,” हा त्याचाच नियम. पाहुण्यांना अखंड काच तो कौतुकाने दाखवतो. आज तो अंघोळीला गेल्यावर मी त्याचीच हातोडी घेऊन काचेसमोर उभी राहिले. म्हटलं, एकदाची सुटेन. नेम धरायला बोट टेकवलं, तर चीर जाणवली. काच केव्हाच तडकली होती. त्याने ती बेमालूम सांधली होती. हातोडी निसटली. न्हाणीघरातून तो ओरडला, “जपून! फरशी मूळची आहे!”