नाव फुटू नये म्हणून

"नाव सांगा," मामलेदार साहेब म्हणाले, "पण हळू. भिंतीलाही ऐकू जाता कामा नये."

चावडीत साहेब, त्यांचा कारकून, आप्पासाहेब पाटील आणि पंच म्हणून बोलावलेली म्हातारी गोजरबाई, एवढेच होते. सुनावणीला आलेल्या रंगुबाईने पदर सारखा केला, टेबलाशी वाकली आणि आपल्या नवऱ्याचं नाव सांगितलं. त्याचं, त्याच्या बापाचं, वर आडनाव.

नवरा म्हणजे गावचा जवान, आदल्या सालच्या लढाईत पडलेला. सरकारने त्याच्या बायकोला पाच एकर जमीन दिली होती, विहिरीसकट. बहात्तरच्या त्या दुष्काळातही विहिरीला पुरुषभर पाणी होतं, म्हणजे खरं तर सरकारने विहीर दिली होती, जमिनीसकट.

अडचण एकच होती. जवानाच्या मागे भावकी उरली नव्हती. लग्न त्याने रजेत, लांब बायकोच्या गावी केलं आणि चौथ्या दिवशी पलटणीत परत गेला. नवरी इथे कुणी पाहिलीच नव्हती. तिकडचं गाव दुष्काळाने पांगलेलं, साक्षीला माणूस नाही. पलटणीच्या पत्रात 'मयताची विधवा' एवढंच लिहिलेलं. तिलाही काही नाव असेल, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं.

मेलेल्याचं नाव चोरून जमिनी लाटणारे साहेबांनी बरेच पाहिले होते. म्हणून त्यांनी जवानाचं नावच कुलपात घातलं. दवंडीत नुसतं 'गावचा एक जवान'. ज्या बाईला नाव ठाऊक, ती खरी. सुनावणी होईपर्यंत गावात कुणी ते उच्चारायचं नाही.

गावाने हा हुकूम शपथेसारखा पाळला. त्याच नावाचा आणखी एक जण गावात होता. त्याची सख्खी आई आठ दिवस त्याला "अरे, तू" म्हणत होती. एवढा बंदोबस्त खर्ड्याच्या किल्ल्यालाही कधी नसेल.

दवंडी ऐकून दोघी आल्या. दोघीही तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या. एकीचं दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून रंगुबाईला आधी आत घेतलं आणि दुसरीला, चांगुणाला, लांब लिंबाखाली बसवलं होतं.

साहेबांनी फाइल उघडून बघितली. "बरोबर आहे," ते म्हणाले.

"कसलं बरूबर?" गोजरबाई म्हणाली. "सायेब, बाईमानूस नवऱ्याचं नाव असं घेतं व्हय? हजेरी दिल्यावानी? माज्या लग्नाला साठ वर्सं झाली. त्यांचं नाव माज्या तोंडून घरच्या मांजरानंबी ऐकलं न्हाई."

साहेब थबकले. त्यांच्याही घरी सारा संसार 'अहो'वर चालला होता.

"याआधी कधी घेतलं होतं हे नाव?" त्यांनी रंगुबाईला विचारलं.

"कंदीच न्हाई, सायेब. तुमच्याम्होरं अडाया नगं म्हनून दोन दिस घोकलं. जीभच वळत नव्हती."

कारकुनाने लिहिलं : घोकून आली.

"कागदपत्रं?"

"नगरच्या स्टँडावर पिशवी गेली, सायेब. समदं तिच्यातच हुतं."

"म्हणजे ती ज्याच्या हाती पडली, त्याच्याकडून कुणीही घोकून येऊ शकतं," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. नाव फुटलं होतं.

रंगुबाईने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "न सांगावं तर बायकू न्हाई. सांगावं तरी बायकू न्हाई. मग इचारलंत कशाला?"

याचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. तिला मागच्या दाराने बाहेर नेऊन बसवलं आणि चांगुणाला आत बोलावलं.

ती आली ती डोईवरून पदर घेऊन, नजर जमिनीत.

"नवऱ्याचं नाव?"

चांगुणाने पदर आणखी पुढे ओढला.

"हे बघा बाई, नाव सांगितल्याशिवाय जमीन मिळत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. साहेब नरमले. "बाई, ते आता हयात नाहीत."

"मानूस गेला म्हनून त्येचं नाव मोकळं झालं व्हय, सायेब?"

गोजरबाईने डोळ्यांना पदर लावला.

"बरं, उखाण्यात घ्या."

"उखान्याचं दिस संपलं."

"मग काही कागद तरी दाखवा."

चांगुणाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "लढाईवरनं हाडं आली न्हाईत. कागद आलं. म्या तेच सोडलं प्रवरासंगमावर."

आप्पासाहेबांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. कलेक्टर आले तरी साहेब खुर्चीतून अर्धेच उठत. ते पुरते उभे राहिले.

"वीस वर्षं नोकरी केली," ते कारकुनाला म्हणाले, "पण एवढं राखलेलं नाव पाहिलं नाही. आपण फाइलला कुलूप लावतो. या बाईने जिभेला लावलंय."

हुकमावर सही झाली, चांगुणाचा अंगठा उमटला. कारकून हुकूम मोठ्याने वाचायला लागला, तसा गोजरबाईने त्याला अडवला. "गप रं! त्ये नाव तिच्या कानावर कशाला घालतूस?" साहेबांनाही ते पटलं. कागद घडी घालून चांगुणाच्या हातात दिला.

रंगुबाई पाटी उचलून तलावाकडे चालू लागली. रस्त्यावरच्या घरांतल्या बायका तिच्याकडे बघून आपापल्या कड्या लावून घेत होत्या.

गोजरबाईने चांगुणाला घरी नेलं. तव्यावरची भाकरी वाढली. चांगुणाचं खाऊन झाल्यावर, आपण चाळीस वर्षांनी थोर असूनही, ती तिच्या पाया पडली.

"लेकी, तुज्यासारखी बाई मी जन्मात बघितली न्हाई. काय लागंल ते माग माज्याकडं."

चांगुणाने एकदा दाराबाहेर बघून घेतलं आणि जवळ सरकली.

"आत्या, तेवढं त्यांचं नाव काय हुतं, ते सांगा की."