दोन दारं, एक चूल

कॉन्स्टेबल हम्फ्रीने अँब्रोजच्या चुलीत वाकून पाहिलं, तर भिंतीच्या भोकातून शेजारच्या तमसिनने विचारलं, "वाटाण्याचं कढण घेणार का, हम्फ्रीभाऊ?"

पिंपं बनवणारा विधुर अँब्रोज गावात पक्का चिक्कू म्हणून ओळखला जाई. राजाने दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग पट्टी बसवली, तेव्हा विधवा तमसिनने आपली चूल विटांनी बुजवून टाकली. मग ऐन थंडीत अँब्रोजच्या चुलीमागची, दोन घरांमधली भिंत ढासळून भोक पडलं. जुन्या विटा, आपोआप पडल्या, असं ती म्हणाली. तेव्हापासून आग त्याची आणि पातेलं तिचं. संध्याकाळी भोकातून वाडगा येई, पाठोपाठ गावभरच्या गप्पा. आता त्या गप्पांवाचून त्याला घास उतरत नसे. कुण्या मेल्याने पट्टी चुकवल्याची चुगली केली, कोण जाणे.

हम्फ्रीने वही उघडली. "चूल कुणाची?"

"त्यांची," पलीकडून तमसिन म्हणाली.

"आणि वरचं पातेलं?"

"ते माझं."

हम्फ्रीने मान खाजवली. "हे बघ अँब्रोज, दोन घरं म्हणालास तर दोन चुलींची पट्टी, आणि उद्या गवंडी येऊन हे भोक बुजवेल. एक चूल म्हणालास तर एकच घर. पण एका घरात राहायचं तर लग्न हवं, मग रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा तुमच्या दोघांच्या लग्नाची घोषणा करणार. बोल, काय लिहू?"

पलीकडे ढवळणारी पळी थांबली.

'एक' म्हणायला अँब्रोजची जीभ शिवशिवत होती. पण दोन शिलिंग वाचवायला बायको केली, असं गाव म्हणेल. गावाचं सोडा, तमसिनलाही तसंच वाटेल. चांगल्या बाईला असं कोंडीत पकडायचं त्याच्या जिवावर आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आपणहून थैलीची गाठ सोडली.

"दोन लिही. दोन्हींचे मीच भरतो."

पळी पातेल्यावर दाणकन आपटली आणि भोकातून तमसिनचं काजळी लागलेलं तोंड पुढे आलं.

"ते पैसे आधी थैलीत टाका," ती म्हणाली. "आठवडाभर सळईने ही भिंत पोखरली, वर हम्फ्रीभाऊंना मुद्दाम बोलावणं धाडलं, ते काय दोन चुली लिहून घ्यायला?"