दुसऱ्या दिवशीची दिलगिरी

"युद्धात एकाही गावात कत्तल झालीच नाही, ते शत्रूचं कुभांड," असं पुस्तकात ठणकावून लिहिणारे प्राध्यापक आपल्या कप्तान वडिलांच्या पराक्रमाची बातमी शोधायला ग्रंथालयात आले. ग्रंथपालबाईंनी शत्रूच्या नव्हे, आपल्याच देशातल्या वर्तमानपत्राची जुनी बांधीव फाइल पुढ्यात ठेवली. पहिल्याच पानावर वडील हसत होते. वर मथळा : 'शाबास कप्तान! एका दुपारीत दोनशे गावकरी कापले.'

प्राध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण हार मानतील तर ते प्राध्यापक कसले!

"पेपरवाले राईचा पर्वत करतात हो, बाई. आकडा साफ चुकीचा आहे."

"अगदी बरोबर, सर. दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापावी लागली."

प्राध्यापकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी घाईघाईने पान उलटलं.

'काल आकडा साठने कमी छापला गेला. खुद्द कप्तानसाहेबांनी कचेरीत येऊन तक्रार केली. क्षमस्व.'